रेषांची साक्ष

स्वयंपाकघरातील गॅसची ज्योत निळी असते. वरण उतू जाऊन त्याचे चार थेंब बर्नरवर पडले, की तीच ज्योत क्षणभर पिवळीधमक होते आणि पुन्हा निळी होते. गृहिणीला हे दृश्य इतके परिचयाचे असते, की त्याचे कारण विचारावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कारण मात्र विलक्षण आहे. वरणात मीठ असते, मिठात सोडियम असते आणि सोडियमचा अणू तापला, की तो एका ठरावीक पिवळ्या रंगाचाच प्रकाश प्रामुख्याने देतो. मीठ समुद्राचे असो वा सैंधव असो, हा पिवळा रंग बदलत नाही. सूर्यावरील सोडियमची खूणही तीच, आणि रस्त्यावरील सोडियमच्या दिव्याचीही तीच.

प्रत्येक मूलद्रव्याची अशी स्वतःची प्रकाशखूण असते. एका मूलद्रव्याला दुसऱ्याची खूण धारण करता येत नाही. याच खुणांनी सूर्य कशाचा बनला आहे ते माणसाला सांगितले, अणूच्या आत इलेक्ट्रॉन कसा वागतो ते उलगडले, आणि आज सराफी पेढीवरील यंत्र दागिन्यातील सोन्याचे प्रमाण सांगते तेही याच खुणांच्या आधारे. या इतिहासात एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसते. खूण कधीही खोटे बोलली नाही. तिचा अर्थ लावण्यात मोठमोठे विद्वान चुकले. ती चूक दुरुस्त करण्याचे श्रेय एका किरकोळ दुकानदाराच्या मुलाकडे आणि एका तरुण विदुषीकडे जाते.

काचेच्या कारागिराची नोंद

जोसेफ फ्राउनहोफर याचा जन्म १७८७ साली जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात एका काचकाम करणाऱ्याच्या घरी झाला. अकराव्या वर्षी तो पोरका झाला आणि म्युनिक येथील एका आरसे बनविणाऱ्याकडे उमेदवारी करू लागला. १८०१ साली मालकाची इमारत कोसळली. ढिगाऱ्याखालून हा मुलगा जिवंत निघाला. त्या प्रसंगी बव्हेरियाच्या अधिपतीने त्याला काही मोहरा दिल्या. मुलाने त्या पैशांतून पुस्तके घेतली, काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उरलेल्या रकमेतून उमेदवारीच्या करारातून स्वतःची सुटका करून घेतली. पुढे तो दुर्बिणी व मोजणीची उपकरणे बनविणाऱ्या एका कारखान्यात दाखल झाला आणि थोड्याच वर्षांत तेथील काचेचे काम त्याच्या हाती आले.

त्याच्यापुढील अडचण शुद्ध व्यावहारिक होती. उत्तम भिंग बनवायचे, तर काचेची प्रत्येक खेप कोणत्या रंगाच्या प्रकाशाला किती वाकविते हे अचूक मोजले पाहिजे. परंतु ‘पिवळा’ म्हणजे नेमका कोणता पिवळा? इंद्रधनुष्यात एक रंग दुसऱ्यात नकळत मिसळत जातो. तेथे मापाची खूण कोठे करावयाची? १८१४ साली त्याने सूर्यप्रकाश एका अरुंद फटीतून लोलकावर घेतला आणि पलीकडे उमटलेला रंगांचा पट्टा, म्हणजे वर्णपट, लहान दुर्बिणीतून पाहिला. त्या पट्ट्यात त्याला असंख्य बारीक काळ्या उभ्या रेषा दिसल्या. इंग्लंडमधील वुलस्टन याला १८०२ साली अशा काही रेषा दिसल्या होत्या. पण त्या रंगांच्या सीमारेषा असाव्यात, असे समजून त्याने तो विषय सोडून दिला होता. फ्राउनहोफरने विषय सोडला नाही. त्याने ५७४ रेषांची नोंद केली आणि ठळक रेषांना रोमन मुळाक्षरे दिली. त्याला हव्या असलेल्या मापाच्या खुणा निसर्गानेच आखून ठेवलेल्या होत्या.

चंद्र आणि शुक्र यांच्या प्रकाशात त्याला सूर्याच्याच रेषा आढळल्या, कारण त्यांचा प्रकाश सूर्याकडूनच आलेला असतो. व्याधाच्या ताऱ्याच्या प्रकाशातील रेषा मात्र वेगळ्या होत्या. आणखी एक गोष्ट त्याने टिपून ठेवली. सूर्याच्या वर्णपटात ज्या जागी ‘डी’ नावाची काळी जोडरेषा होती, नेमक्या त्याच जागी दिव्याच्या ज्योतीत तेजस्वी पिवळी जोडरेषा दिसत होती. याचे कारण त्याला सांगता आले नाही, आणि न कळलेल्या गोष्टीला त्याने तर्काने कारण चिकटविले नाही. १८२६ साली अवघ्या ३९व्या वर्षी क्षयाने त्याचा अंत झाला.

काळ्या रेषेचा अर्थ

फ्रान्समधील नामवंत तत्त्वज्ञ ओग्युस्त काँत याने १८३५ साली असे प्रतिपादन केले, की आकाशस्थ गोलांचे आकार, अंतरे व गती माणसाला मोजता येतील. परंतु ते कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत हे कोणत्याही उपायाने कधीच कळणार नाही. तेथे जाऊन नमुना आणता येत नसेल, तर परीक्षा कशी होणार? युक्तिवाद बिनतोड वाटत होता. तो पंचवीस वर्षेही टिकला नाही.

१८५९ साली हायडेलबर्ग येथील गुस्ताव किर्कहॉफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी काळ्या रेषांचा उलगडा केला. निळसर, जवळजवळ रंगहीन ज्योतीत एकेका द्रव्याचा कण धरून ते लोलकातून पाहू लागले. सोडियम असेल तर नेहमी तीच पिवळी जोडरेषा. लिथियम असेल तर गडद तांबडी. दोन्ही असतील तर दोन्ही. पुढे किर्कहॉफने सूर्यप्रकाश मिठाच्या ज्योतीतून जाऊ दिला. तेव्हा ‘डी’ रेषा उजळण्याऐवजी अधिकच काळी झाली. अर्थ स्पष्ट झाला. तापलेला सोडियम ज्या रंगाचा प्रकाश देतो, नेमका तोच रंग तो येणाऱ्या प्रकाशातून शोषूनही घेतो. सूर्याच्या अंतर्भागातून येणारा प्रकाश त्याच्या बाहेरील थरांतून जाताना तेथील सोडियम आपला वाटा काढून घेतो आणि ती जागा काळी दिसते. म्हणजे सूर्यात सोडियम आहे. नमुना आणण्याची गरजच नव्हती. प्रकाशाने तो वृत्तांत आणला होता.

याच पद्धतीने या जोडीने दोन नवी मूलद्रव्ये शोधली. एका झऱ्याचे चाळीस टनांहून अधिक खनिजयुक्त पाणी आटवून त्यांनी काही ग्रॅम क्षार मिळविले, आणि आकाशी निळ्या रेषांवरून १८६० साली सीझियम ओळखले. पुढच्याच वर्षी गडद तांबड्या रेषांवरून रुबिडियम ओळखले. या दोन नावांचा संबंध पुढे पुन्हा येणार आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्याची आठवण विजयदुर्गच्या किल्ल्यावर आजही सांगितली जाते. आंध्रातील गुंटूर येथून फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्यातील पिवळी रेषा सोडियमच्या जागेपासून किंचित सरकलेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील नॉर्मन लॉकियर याने ग्रहणाविनाच ती रेषा पाहून तिची जागा निश्चित केली, आणि ती एका अज्ञात मूलद्रव्याची असावी असा निष्कर्ष निघाला. तेच हेलियम. पृथ्वीवर ते रॅम्झी याला सापडायला १८९५ साल उजाडले.

शाळामास्तरांचे गणित आणि इलेक्ट्रॉनची खतावणी

रेषा कोणाच्या हे आता कळले होते. पण त्या त्याच जागी का, हे कोणालाच सांगता येत नव्हते. सर्वांत साध्या हायड्रोजनच्या दृश्य प्रकाशातील चार रेषा नॅनोमीटरच्या मापात ६५६.३, ४८६.१, ४३४.० आणि ४१०.२ या ठिकाणी पडतात. या आकड्यांत काही सुसंगती आहे काय? स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील मुलींच्या शाळेत गणित शिकविणारे योहान बाल्मर यांनी १८८५ साली, वयाच्या साठीत, ती शोधून काढली. ३६४.५६ या एकाच संख्येला ९ ने गुणून ५ ने भागावे. पहिली रेषा मिळते. १६ ने गुणून १२ ने भागावे, दुसरी मिळते. २५ ने गुणून २१ ने, ३६ ने गुणून ३२ ने भागावे. तिसरी आणि चौथी मिळते. वरचा आकडा हा ३, ४, ५, ६ यांचा वर्ग, आणि खालचा आकडा त्याच वर्गातून ४ वजा केलेला. उत्तर दशांशापर्यंत जुळत होते. पण ते का जुळते, याचे कारण बाल्मर यांच्याजवळही नव्हते.

ते कारण १९१३ साली डेन्मार्कच्या २७ वर्षांच्या नील्स बोर याने दिले. अणूच्या मध्यभागी धनभारित केंद्र असते आणि त्याभोवती इलेक्ट्रॉन असतात, हे दोन वर्षांपूर्वी रदरफर्डने दाखविले होते. परंतु तोपर्यंतच्या नियमांप्रमाणे असा फिरणारा इलेक्ट्रॉन सतत प्रकाश देत, ऊर्जा गमावत, निमिषाच्याही अत्यल्प अंशात केंद्रावर कोसळावयास हवा होता. मग अणू टिकतात कसे? बोरने उत्तर दिले: इलेक्ट्रॉनला वाटेल तितकी ऊर्जा बाळगता येत नाही, काही ठरावीक पातळ्याच त्याला मोकळ्या असतात.

व्यापारी घरातील वाचकांना ही गोष्ट खतावणीच्या भाषेत सहज समजेल. अणुकेंद्र हा सावकार आणि इलेक्ट्रॉन हा ऋणको मानावा. हायड्रोजनच्या खात्यात इलेक्ट्रॉनचे देणे इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापात पहिल्या पातळीवर १३.६, दुसरीवर ३.४, तिसरीवर १.५१ आणि चौथीवर ०.८५ असते. या रकमांच्या मधली कोणतीही रक्कम त्या वहीत मांडताच येत नाही. १३.६ ला १, ४, ९, १६ यांनी भागले की हीच मालिका येते. तिसऱ्या पातळीवरचा इलेक्ट्रॉन दुसरीवर उतरला, की त्याचे देणे १.५१ वरून ३.४ होते. नव्याने उचललेले हे १.८९ तो तत्क्षणी प्रकाशाच्या एका कणाच्या रूपाने बाहेर टाकतो. तीच हायड्रोजनची तांबडी रेषा. उलट दिशेने, बाहेरून येणारा प्रकाशकण नेमके १.८९ देऊ करील, तरच दुसऱ्या पातळीवरचा इलेक्ट्रॉन ते घेऊन तिसरीवर चढतो. १.८० देऊ केले तर तो ते स्वीकारत नाही, कारण तितक्या रकमेची नोंद कोठे करावी असा रकानाच नसतो. येथे घासाघीस नाही आणि हप्तेही नाहीत. म्हणूनच रेषा बारीक व काटेकोर असतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या केंद्राचा भार आणि इलेक्ट्रॉनांची संख्या वेगळी, म्हणून त्याची वही वेगळी आणि म्हणूनच त्याच्या रेषाही वेगळ्या.

बोरचे गणित हायड्रोजनला चपखल बसले. पण दोन इलेक्ट्रॉन असलेल्या हेलियमपाशीच ते अडले. ठरावीक पातळ्याच का, या प्रश्नालाही त्यात मूळ उत्तर नव्हते. ते पुढच्या दशकात मिळाले. इलेक्ट्रॉन हा केवळ कण नसून त्याला लहरीचेही गुणधर्म आहेत, अशी कल्पना १९२४ साली द ब्रॉय याने मांडली, आणि १९२६ साली श्रोडिंगरने त्या लहरीचे समीकरण दिले. तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, म्हणून ती छेडली असता मूळ स्वर आणि त्याचे ठरावीक उपस्वरच उमटतात. केंद्राने बांधून ठेवलेल्या इलेक्ट्रॉनच्या लहरीलाही तसेच ठरावीक आकार घेता येतात, आणि प्रत्येक आकाराची ऊर्जा ठरलेली असते. बाल्मर यांना सापडलेले वर्ग या समीकरणातून आपोआप बाहेर येतात. सूर्याभोवती ग्रह फिरावा तसा इलेक्ट्रॉन केंद्राभोवती एखाद्या आखलेल्या मार्गाने फिरतो, हे पाठ्यपुस्तकांतील चित्र त्यामुळे खरे मानता येत नाही. तो कोठे सापडण्याचा संभव किती, इतकेच सांगता येते. त्याची ऊर्जा मात्र निश्चित सांगता येते. त्यात पाउली याने १९२५ साली मांडलेल्या नियमाची भर पडली: एका अणूतील दोन इलेक्ट्रॉन एकच अवस्था व्यापू शकत नाहीत. त्यामुळे इलेक्ट्रॉन थराथराने भरत जातात.

दुकानदाराचा मुलगा

सिद्धान्त उभा राहत होता, तरी ताऱ्यांच्या बाबतीत एक कोडे शिल्लक होते. व्याधाच्या ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषा अतिशय ठळक, तर सूर्यात त्या मानाने फिक्या. उलट सूर्यात कॅल्शियमच्या रेषा सर्वांत ठसठशीत. सीझियम व रुबिडियम तर सूर्यात दिसतच नव्हते. रेषा ठळक असेल तर ते द्रव्य विपुल आणि रेषा नसेल तर ते द्रव्यही नाही, असा सरळ हिशेब बहुतेक विद्वान करीत होते. सूर्याची घडण साधारणतः पृथ्वीसारखीच आहे, या समजाला त्यामुळे बळकटी येत होती.

या हिशेबातील चूक मेघनाद साहा यांनी दाखविली. ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील शेवडातली या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे लहानसे किराणा दुकान होते. गावात पुढील शिक्षणाची सोय नव्हती आणि मुलाने दुकानात बसावे, ही घरच्या परिस्थितीची मागणी होती. मोठ्या भावाने त्याच्या शिक्षणाचा आग्रह धरला. काही मैलांवरील सिमुलिया येथील एका डॉक्टरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. आपले ताट स्वतः घासावे आणि गाईची देखभाल करावी, एवढाच त्याचा मोबदला. पुढे ढाक्याला १९०५ साली, वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत, गव्हर्नरच्या भेटीवरील बहिष्कारात सामील झाल्यामुळे त्याची सरकारी शाळा आणि शिष्यवृत्ती दोन्ही गेली. त्या काळात भावाच्या तुटपुंज्या मिळकतीतून येणारे दरमहा पाच रुपये आणि पूर्व बंगालमधील वैश्य समाजाच्या एका समितीने दिलेले दरमहा दोन रुपये यांवर त्याचे शिक्षण चालले. समाजाने एका होतकरू मुलामागे उभे केलेले दोन रुपये कोठवर पोहोचू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१९२० साली कोलकात्यात असताना साहा यांनी जे समीकरण मांडले, त्याचा आशय वरील खतावणीतच बसतो. उष्णता वाढत गेली, की अणूंच्या आपसांतील धडका जोरदार होतात आणि काही इलेक्ट्रॉन आपले संपूर्ण देणे फेडून केंद्रापासून कायमचे मोकळे होतात. यालाच आयनीभवन म्हणतात. इलेक्ट्रॉन निघून गेला, की त्या अणूच्या नेहमीच्या रेषाही जातात. उरलेल्या आयनाची वही निराळी. किती अणू असे मोकळे होतील, हे तापमान, दाब आणि त्या मूलद्रव्याच्या इलेक्ट्रॉनचे देणे यांवर अवलंबून असते. सीझियमच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनचे देणे अवघे ३.९, रुबिडियमचे ४.२, कॅल्शियमचे ६.१, हायड्रोजनचे १३.६ आणि हेलियमचे तर २४.६. सूर्याच्या उष्णतेत सीझियम आणि रुबिडियम यांचे बहुतेक इलेक्ट्रॉन सुटून गेलेले असतात. द्रव्य तेथे आहे. परिचित रेषा देणारा साक्षीदार तेवढा जागेवर नाही. सूर्यावरील डाग त्यामानाने थंड असतात, तेव्हा तेथे रुबिडियमची रेषा सापडावी, असे साहा यांनी सांगितले. अमेरिकेतील हेन्री नॉरिस रसेल यांनी शोध घेतला, आणि ती तेथे सापडली.

नाकारलेले उत्तर

साहा यांचे समीकरण हाती घेऊन सेसिलिया पेन या इंग्रज तरुणीने ताऱ्यांच्या रेषांचा हिशेब नव्याने मांडला. तिचे शिक्षण केंब्रिजमध्ये झाले. परंतु ते विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. १९२३ साली ती अमेरिकेतील हार्वर्डच्या वेधशाळेत गेली.

सूर्यातील हायड्रोजनच्या रेषा फिक्या का, याचे उत्तर तिच्या हिशेबात स्पष्ट झाले. दृश्य रेषा उमटण्यासाठी हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पातळीवर असावा लागतो. सूर्याच्या पृष्ठभागावर, सुमारे ५,८०० केल्विन तापमानात, जवळजवळ सारे इलेक्ट्रॉन पहिल्याच पातळीवर असतात. एक अब्ज अणूंमागे जेमतेम पाच-सहा दुसऱ्या पातळीवर असतात. व्याधाचे तापमान सुमारे १०,००० केल्विन असल्यामुळे तेथे हे प्रमाण काही हजार पटींनी वाढते. म्हणजे सूर्यात दिसणारी फिकी रेषा ही अब्जातील पाच-सहा अणूंची आहे. अब्जातील पाच-सहा अणू जर एवढी रेषा उमटवीत असतील, तर मुळात हायड्रोजन किती असला पाहिजे? पेनचे उत्तर होते: इतर सर्व मूलद्रव्यांहून प्रचंड अधिक. सूर्य पृथ्वीसारखा नाहीच. तो प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियम यांचा आहे.

१९२५ साली तिने प्रबंध लिहिला तेव्हा हे उत्तर कोणाच्या पचनी पडणारे नव्हते. साहा यांचे भाकीत ज्यांनी खरे करून दाखविले होते, त्याच रसेल यांनी ते अशक्य ठरविले. तरुण संशोधिकेचे भवितव्य ज्येष्ठांच्या अभिप्रायावर अवलंबून होते. तिने आकडे प्रबंधात ठेवले. परंतु हायड्रोजन व हेलियम यांची एवढी विपुलता बहुधा खरी नसावी, असे वाक्य त्यांच्या शेजारी लिहिले. चार वर्षांनी, १९२९ साली, रसेल निराळ्या मार्गांनी त्याच निष्कर्षाला पोहोचले आणि पेनचे काम बरोबर असल्याचे त्यांनी छापून मान्य केले. आज सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग हायड्रोजन असल्याचे शाळकरी मुलेही जाणतात. स्वतःच्या अचूक हिशेबापुढे स्वतःच्याच हाताने ‘बहुधा खरे नाही’ असे लिहावे लागणे, ही मोठी किंमत होती. १९५६ साली ती हार्वर्डमध्ये पूर्ण प्राध्यापिका झाली.

पेढीवरील यंत्र

सोन्याच्या व्यापारात हेच शास्त्र आता रोज हाताळले जाते. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून, तेजाब लावून टंच ठरविण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आता बहुतेक पेढ्यांवर दागिना एका पेटीत ठेवला जातो आणि थोड्याच वेळात पडद्यावर सोने, चांदी, तांबे यांचे शेकडा प्रमाण उमटते. हे यंत्र दागिन्यावर क्ष-किरण टाकते. त्यांच्या आघाताने अणूच्या अगदी आतल्या थरातील एखादा इलेक्ट्रॉन उडून जातो. ती रिकामी जागा भरण्यासाठी वरच्या थरातील इलेक्ट्रॉन खाली उतरतो आणि दोन्हींमधील फरक क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. देण्याची वही तीच, फक्त रकमा हजारांत. तांब्याची प्रमुख रेषा सुमारे ८,०५० इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, सोन्याची सुमारे ९,७०० वर, चांदीची सुमारे २२,१०० वर. यंत्र या रेषा ओळखते आणि त्यांच्या तीव्रतेवरून प्रमाण काढते. मूलद्रव्याचा अणुक्रमांक आणि त्याच्या क्ष-किरण रेषा यांचे पक्के नाते इंग्लंडच्या हेन्री मोझ्ली याने १९१३ साली सिद्ध केले होते. दोन वर्षांनी, वयाच्या २७व्या वर्षी, तो पहिल्या महायुद्धात कामी आला.

साहा आणि पेन यांच्या कथेतील धडा येथे तंतोतंत लागू पडतो. यंत्रातील रेषा खोटी नसते. ती सोन्याचीच असते. पण ती दागिन्याच्या कोणत्या भागाविषयी बोलते, हे माहीत असले पाहिजे. सोन्यासारख्या जड धातूतून हे क्ष-किरण मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतक्या खोलीवरूनच बाहेर येऊ शकतात. त्याखाली काय आहे, याविषयी रेषा मूक असते. जाड मुलामा दिलेल्या वस्तूबाबत यंत्र मुलाम्याचाच टंच दाखवील. टंगस्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३, त्यामुळे आत टंगस्टन भरलेली लगड वजनाला आणि आकारमानालाही जवळपास खरी उतरते, आणि पृष्ठभागाची परीक्षाही ती सहज पार करते. म्हणून हॉलमार्किंग केंद्रांत यंत्राची तपासणी ही पहिली पायरी असते. अंतिम निर्णय आगीच्या परीक्षेने होतो. तेथे दागिन्याचा लहानसा अंश तोलून, शिसे व चांदीसह भट्टीत तापवून हिणकस धातू काढून टाकले जातात. चांदी तेजाबात विरघळविली जाते आणि उरलेले शुद्ध सोने पुन्हा तोलले जाते.

२०२१ पासून दागिन्यांवर येणारा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर कोणालाही तपासता येतो. ९१६ चा शिक्का म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने, म्हणजेच बावीस कॅरेट, हे आता घरोघरी माहीत आहे. ज्या घरात पेढी आहे, तेथील नव्या पिढीने याबरोबर आणखी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. जुने सोने मोडीत आले असता यंत्रातून निघालेली चिठ्ठी ग्राहकापुढे ठेवणे सोपे असते. ती चिठ्ठी वरच्या थराची आहे की संपूर्ण दागिन्याची, हे ग्राहकाला बहुधा ठाऊक नसते. ते दुकानदाराला ठाऊक असते. डाक लावलेल्या जागी यंत्र धरले तर टंच कमी येईल, मुलाम्यावर धरले तर जास्त येईल. दोन्ही वेळा आकडा यंत्राचाच असेल. म्हणून दोन-तीन जागी तपासणे, शंका आली तर वितळवून पुन्हा पाहणे, आणि कोठला आकडा कशाचा हे ग्राहकाला समजावून सांगणे, ही त्या यंत्राच्या मालकाची जबाबदारी आहे. इलेक्ट्रॉन आपले देणे-घेणे काट्यावर तोलून देतो. त्याचा अर्थ ग्राहकापर्यंत तितकाच चोख पोहोचविणे हे पेढीवर बसणाऱ्याच्या हाती असते.